गॅसची गाडी गप असते

राघोला हल्ली शिंगं फुटलीत, असं टोकावड्याजवळच्या त्यांच्या गावात दोन वर्षं बोललं जात होतं. मागून हाक मारा, वळायचा नाही. पारावर कुणी काही गमतीचं बोललं तर सगळ्यांचं हसून झाल्यावर हा हसायचा, जणू उपकारच करतोय. हे सगळं धोंडूबाईच्या कानावर यायचं. नवऱ्याला कुणी गर्विष्ठ म्हटलं तर बाईमाणसानं चार शब्द सुनवावेत. पण ती ओठ मिटून घ्यायची. गर्विष्ठ म्हणतात ना, म्हणू देत. बहिरा तर म्हणत नाहीत.

तिला कळलं ते अगदी साध्या दुपारी. मांजरानं ओट्यावरचं दुधाचं पातेलं पाडलं. असा आवाज झाला की शेजारची बारकी धावत आली. राघो तिथेच, दोन हातांवर, पाठमोरा बसून चहा पीत होता. त्यानं मान वळवली नाही. दूध वाहत वाहत त्याच्या तळपायाला लागलं तेव्हा तो उठला आणि मांजराला अशी शिवी घातली, जणू पातेलं आत्ताच पडलं. बारकी हसली. धोंडूबाई फडकं घेऊन खाली बसली आणि बराच वेळ पुसत राहिली.

राघो बावीस वर्षं वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीची ट्रॉली ओढत होता. लग्नसराईत नवरदेव देवळातून मांडवाकडे निघाला की पुढे बायकापोरं नाचणार, त्यांच्यामागे पिकप, पिकपला अडकवलेली ट्रॉली. ट्रॉलीवर पुरुषभर उंचीचे स्पीकर, जनरेटर आणि आठ-नऊ वाजवणारे. अर्धा किलोमीटर जायला तीन तास. लोकांना वाटतं, यात गाडी चालवायची ती काय? पण यात गाडी न चालवणं हेच काम. पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, हातभर सरकायचं आणि थांबायचं. धक्का बसला तर वर उभ्या वाजवणाऱ्याचा हात चुकतो, चाल तुटते, नाचणाऱ्याचा उचललेला पाय तसाच राहतो. राघोच्या गाडीनं कधी धक्का दिला नाही. ढोल भरात आला की तो सरकायचा, चाल पलटायच्या आधी अर्धा श्वास थांबायचा. पार्टी त्यांच्या मुलाची, प्रणयची. बेंजोही तोच वाजवायचा. पण लोक म्हणायचे, वाजवतो प्रणय, नाचवतो त्याचा बाप.

दोन स्पीकर तर पिकपच्या हौद्यात, केबिनच्या पाठीलाच चिकटलेले असत. बाकीचे लोक कानात कापूस घालायचे. राघोला ते चालत नसे. "लग्नाला चाल्लोय का सरनावर?" तो म्हणायचा. "बोळे मेल्याला घालतात."

मांजराच्या त्या दिवसानंतरच्या पहिल्याच सुपारीला धोंडूबाई साडी बदलून केबिनमध्ये जाऊन बसली. "आये, तू कनाला?" प्रणयनं विचारलं. "माझी बी हौस हाय," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती प्रत्येक वरातीला राघोच्या बाजूला बसायची. चाल पलटायला आली की त्याच्या गुडघ्यावर एक चापट, ढोल भरात आला की दोन. तिनं त्याला काही सांगितलं नाही, त्यानं काही विचारलं नाही. गुडघ्यावर चापट पडली, तो थांबला. दोन पडल्या, तो सरकला. पोरं चिडवायची, "काकूचा काकांवर भरवसा नाय. नाचनाऱ्या पोरींवर नजर जाईल म्हनून पहारा!" ती पण हसायची. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या मांडीला चारचौघांत हात लावायची तिला कधी हिंमत झाली नव्हती, आता रोज लावत होती आणि त्याचा हा असा उपयोग होता.

मग गेल्या वैशाखात किन्हवलीला ते झालं. दुपारचे चार वाजलेले. बायका नाचत नाचत पुढे सरकल्या, धोंडूबाईनं दोन चापट्या मारल्या, गाडी सरकली. आणि पुढची गर्दी एकदम किंचाळली. बॉनेटच्या खाली, अगदी चाकापाशी, पिवळ्या फ्रॉकातली एक सहा-सात वर्षांची पोर वाकलेली होती; चप्पल निघाली होती तिची. पुढच्या बायका हात हलवत ओरडत होत्या, पण नाचतानाही त्या हात हलवूनच ओरडायच्या. राघो समोर बघत होता आणि हसत होता. त्याला ते सगळं नाचणंच वाटलं. धोंडूबाईनं त्याच्या गुडघ्यावर मूठ आदळली. गाडी थांबली. कुणीतरी पोरीला दंडाला धरून ओढलं, तिची आई आली, तिनं आधी पोरीला एक धपाटा दिला आणि मग कवटाळलं. कुणाली नाव होतं पोरीचं. तिची आई तेच नाव घेऊन रडत होती.

चाल सुरूच होती. राघोला काही कळलं नाही. "आज लई जोरात मारलास गो," एवढंच म्हणाला रात्री, गुडघा चोळत. तिनं तेल लावून दिलं.

दिवाळी झाली आणि जुनी पिकप मान टाकायला लागली. तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू होणार, म्हणून प्रणयनं शहापूरच्या किशोरशी बोलणं केलं. किशोर जुन्या गाड्यांची देवघेव करायचा, हायवेच्या अलीकडे त्याचं पत्र्याचं आवार. त्याच्याकडे दोन पिकप होत्या. एक डिझेलची, एक गॅसची. ट्रॉली जोडूनच या, म्हणाला, दोन्ही ओढून बघा, जुनी इथेच सोडा आणि आवडेल ती घेऊन जा.

घरातलं भांडण आठ दिवस आधीच सुरू झालं होतं.

"डिझेल म्हंजे डिझेल," राघो म्हणायचा. "ट्रॉली काय रिकामी हाय? जनरेटरच चौघांना उचलत नाय. चढनीला गॅसची गाडी जीभ बाहेर काढील. आन् गॅस संपला तर? पंपावर रांग लावायची. तवर नवरदेवाला पोर व्हईल."

"बाबा, धूर बगा की! सगळा मागं ट्रॉलीवर येतो. वाजवनारे खोकतात का गातात ते कळत नाय. आन् वरातीत तीन तास गाडी चालू ठेवायची, डिझेल परवडतं का?"

"बावीस वरसं परवडलं."

"तवाची गोष्ट येगळी."

राघो बोलताना प्रणयच्या तोंडाकडे बघायचा. प्रणयला वाटायचं, बाप डोळे वटारतोय.

धोंडूबाई दोन्हीकडचं ऐकायची. राघोचं म्हणणं खरं होतं, चढणीचंही, रांगेचंही. प्रणयचंही खरं होतं. पण तिला असं वाटायचं की राघोच्या बोलण्यात अजून काहीतरी आहे, जे तो बोलत नाही.

शहापूरला ते सकाळी अकराला पोचले. किशोरनं चहा मागवला. "मावशे, बसा सावलीला. राघोकाका, तुमी सांगाल ती गाडी. ड्रायवर तुमी."

आधी डिझेलची. ट्रॉली अडकवली, राघो चढला, मध्ये धोंडूबाई, खिडकीशी किशोर. प्रणय मागं हौद्यात उभा. किल्ली फिरवली तशी सगळी गाडी थरथरली, आरसा हलला, धोंडूबाईच्या बांगड्या किणकिणल्या. राघोनं डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला, हलकेच, दवाखान्यात नाडीवर ठेवतात तसा. किन्हवलीच्या रस्त्याला लागून चढण आली. दांडा किंचित जास्त कापायला लागला की तो गिअर बदलायचा. बरोबर त्याच वेळी. ट्रॉली मागून शहाण्या म्हशीसारखी आली. वर पोचल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते धोंडूबाईनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "बग," तो तिला म्हणाला, "बोलते कशी."

ती त्याच्या हाताकडे बघत होती. आजवर तिला वाटायचं, एक कान गेला असेल, दुसऱ्यात थोडंफार उरलं असेल. वरातीतलं गाणं कळत नसेल, इंजिन तरी कळत असेल. त्याशिवाय माणूस गाडी चालवील कशी?

परत आले. तोवर किशोरच्या माणसानं गॅसची पिकप बाहेर काढून ठेवली होती, चालूच. तिचं इंजिन असं हळू चाललं होतं की पत्र्यावर बसलेले कावळेसुद्धा उडाले नाहीत. ट्रॉली जोडली. राघो चढला. दांड्यावर हात ठेवला. मग किल्ली फिरवली.

कर्रर्र! चालू इंजिनावर किल्ली फिरवली की जो आवाज होतो तो. दात शिवशिवतात. किशोर उडालाच. "काका, चालू हाय! चालूच हाय!"

राघोनं पुन्हा फिरवली. कर्रर्र. समोर बघत, कपाळाला आठी घालून, गाडी का चालू होत नाही या विचारात. तिसऱ्यांदा फिरवणार तेवढ्यात धोंडूबाईनं त्याचं मनगट धरलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं हात खाली घेतला.

मागं हौद्यात प्रणय टाळी वाजवत हसत होता. "बगा! गाडी एवढी गप हाय की बाबांना बी कळलं नाय! ह्याला म्हंतात गॅस!" किशोरही हसला. गाडी विकायची तर असं कौतुक ऐकायला मिळावं.

धोंडूबाई पण हसली. काहीच उरलं नव्हतं. ना गाणं, ना इंजिन. हा माणूस तळव्यानं गाडी चालवत होता.

चढणीवर पिकप दुसऱ्या गिअरमध्येच रडायला लागली. राघोचा हात दांड्यावर होता, पण दांडा त्याला काही सांगत नव्हता. "काका, गिअर... काका!" किशोर म्हणत राहिला. मागून एक रिक्षा केव्हाची हॉर्न मारत होती. शेवटी ती उजवीकडून घासून पुढे गेली आणि रिक्षावाल्यानं जाता जाता त्यांच्या घराण्याचा उद्धार केला. तो हात हलवत होता, म्हणून राघोनंही हात हलवला. ओळखीचा असेल, असं समजून.

वर आल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. "मेलेली हाय ही," तो म्हणाला. "जीव नाय हिच्यात." उतरून तो झाडाखाली जाऊन उभा राहिला, पाठमोरा. उतारावरून गाडी प्रणयनं खाली आणली.

आवारात पुन्हा चहा आला. प्रणयनं तोडगा काढला. "बाबा डिझेल म्हंतात, मी गॅस म्हंतो. आये, तू सांग. दोन वरसं केबिनमधी तू बसतेस, तुलाच म्हाइती जास्त."

"हां, मावशे," किशोर म्हणाला. "होम मिनिस्टरनी सही करावी."

राघोनं बशीत चहा ओतून घेतला. तो धोंडूबाईकडे बघत होता, पण काळजीनं नाही. आपल्याच हाताकडे माणूस बघतो तसा. हात काय, सांगितलं तिकडे जाणार.

डिझेल म्हटलं असतं तर सगळं राहिलं असतं. त्यानं अजून पाच वर्षं ट्रॉली ओढली असती, दांड्यावर हात आणि गुडघ्यावर तिची चापट. कुणाला कळलं नसतं. प्रणयलाही नाही. त्याला घरी खाटेवर बसून दाराकडे बघताना तिला पाहावं लागलं नसतं. पार्टीची गाडी सजून निघाली की माळा नीट बांधल्यात का हे बघायला तो आता उठतो, तसा उठला असता. आणि पुन्हा कधीतरी एखादी पोर चप्पल घ्यायला वाकली असती. चापट मारायला तिचा हात प्रत्येक वेळी पोचेलच, असं तिला देवासमोर सांगता आलं नसतं.

आणि तोंडानं सांगायचं म्हटलं, इथे, परक्या माणसासमोर, मुलासमोर, की याला ऐकू येत नाही, तर तेही तिला जमणारं नव्हतं.

"गॅसची घे," ती म्हणाली.

प्रणयनं कपाळाला हात लावून नमस्कार केला. "बाबा, बगा! आये माझ्या पार्टीत!"

राघो तिच्या तोंडाकडे बघत होता. शब्द त्याला कळला होता. बशी त्यानं खाली ठेवली, तिच्यात अजून चहा होता. चारचौघांत त्याच्याविरुद्ध ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. लग्नात नाव घ्यायलासुद्धा तिला तीनदा सांगावं लागलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिला दिसलं की त्याला सगळं कळलं. गॅसची का, तेही. ती किती दिवसांपासून जाणते, एवढंच राहिलं असेल.

त्यानं खिशातली जुन्या गाडीची किल्ली काढली, किशोरच्या टेबलावर ठेवली. मग प्रणयला म्हणाला, "नवी तू चालव."

"आवो बाबा, घरापोत तुमीच घ्या की."

"तू चालव. आता तूच चालवायची." आणि थोड्या वेळानं, "मी येष्टीनं येतो."

"येष्टीनं? गाडीत जागा हाय की!"

"बाजूला बसून जायाची सवय नाय मला."

प्रणयला वाटलं, बाप हरला म्हणून रुसला. त्यानं आईकडे पाहून डोळा मारला. "समजूत काढ गो," हळूच म्हणाला, आणि ट्रॉली घेऊन निघाला. पहिल्याच वळणावर गाडीनं धक्का दिला. राघोनं बघितलं.

शहापूर-मुरबाड गाडीला गर्दी कमी होती. राघो खिडकीशी बसला, धोंडूबाई बाजूला. गाडी सुटली, बाजार मागं पडला. भात कापून झालेली शेतं, मध्येच कुठे वीटभट्टीसाठी उकरलेली लाल जमीन. तो बाहेर बघत होता.

"कवापासनं?" त्यानं विचारलं. बाहेरच बघत.

"दोन वरसं जाली," ती म्हणाली.

तो वळून म्हणाला, "काय?"

दोन वर्षांत त्यानं कुणाला 'काय' म्हणून विचारलं नव्हतं. नाही कळलं तर हुंकार द्यायचा, हसायचा, अंदाजानं काहीतरी उत्तर द्यायचा. शेजारीण जेवलात का विचारायची तर पाऊस लांबला म्हणायचा. पण 'काय' नाही.

"दोन वरसं!" ती त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली.

"मंग सांगितलं का नाय?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. पुढच्या सीटवर टोपली मांडीवर घेतलेली बाई, मागं कॉलेजच्या पोरी. हे तर घरात बोलायचं होतं, दार लावून. पण घरी गेल्यावर तो विचारेल याचा काय भरवसा?

"तुमी घरी बसलेले मला बघवनार नाय म्हनून!"

ओठ त्याला नीट दिसावेत म्हणून तिनं तोंड मोठं उघडलं, तसा आवाजही मोठा निघाला. अख्खी येष्टी गप्प झाली. टोपलीवाली वळून म्हणाली, "गो बाय, गाडीत तरी भांडू नका. घरी जाऊन भांडा."

"हळू बोल," वळलेली तोंडं बघून राघो म्हणाला. "लोक ऐकतात."

"हळू बोलले तर तुमाला ऐकायला येनार नाय!"

मागं एक पोरगी फिसकन हसली. धोंडूबाईला रडू आलं. पण एकदा तोंड उघडलं होतं, ते आता मिटेना. तिनं त्याला पोरीचं सांगितलं. पिवळ्या फ्रॉकचं, चपलेचं, चाकाचं, बायका ओरडत होत्या ते. एकेक वाक्य दोनदा सांगावं लागलं. हसणारी पोरगी हसायची थांबली. टोपलीवाली पुन्हा वळली नाही, पण तिचे खांदे ताठ झाले. ती ऐकत होती.

"त्या नाचत होत्या," राघो म्हणाला.

"नाय."

तो आपल्या तळव्याकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "लागलं का तिला?"

धोंडूबाईनं मान हलवली. नाही.

"नाव काय तिचं?"

तिनं सांगितलं. त्याला कळलं नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो तिच्या ओठांकडे बघत ओठ हलवत राहिला, शाळेतल्या पोरासारखा, आणि "कुणाली," म्हणाला. मग खिडकीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. खराब रस्ता, असं कुणालाही वाटलं असतं.

मागून तिकिटं फाडत कंडक्टर आला. "कुटं जायाचं, बाबा?"

राघोनं तोंड पुसलं. वर बघितलं. कंडक्टरचे ओठ हललेले त्यानं पाहिले होते. काहीतरी अंदाजानं सांगून टाकायला तो तोंड उघडतोय, हे धोंडूबाईला दिसलं. मग त्यानं ते मिटलं.

"मला ऐकायला येत नाय," तो म्हणाला. जरा जास्तच मोठ्यानं. किती मोठ्यानं ते त्याला कळायचं कारण नव्हतं. "हिला इचार."

कंडक्टर तिच्याकडे वळला. ती सांगायला गेली तर घसा पार बसलेला. नुसती हवा आली.

"काय, मावशी?"

तिनं पुन्हा ओठ हलवले. राघो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मुरबाड म्हंते," तो म्हणाला. "दोन. एक बाईचं अर्धं."